सगळेच उंच झाले तर

आमच्या घरी स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा होत्या. वाढदिवस आला की आई चौकटीला पाठ टेकवून उभं करायची, डोक्यावर पुस्तक आडवं धरायची आणि खाली रेघ मारून तारीख लिहायची. धाकट्या भावाच्या रेघा माझ्या रेघांच्या मागून चढत होत्या. एका वर्षी त्या माझ्या पुढे गेल्या. त्या वर्षी मी हळूच टाचा उचलल्या. आईनं पुस्तक हलवलं नाही, नुसतं म्हणाली, "टाचा टेक." शाळेत उंचीप्रमाणे रांग लागली की पहिला नंबर माझा ठरलेला. बुटकं असणं हा काही आजार नाही, हे तेव्हाही कळत होतं. पण कुणी त्यावर गोळी दिली असती तर मी ती पाणी न मागता गिळली असती.

माणसाच्या जनुकांत फेरफार करून त्याला 'अधिक चांगलं' बनवावं का, या वादात शिरताना मला ती गोळी आठवते. हा वाद बहुतेक वेळा अतिमानव, गुप्त प्रयोगशाळा, मानवजातीचा शेवट अशा दणदणीत शब्दांत होतो. प्रत्यक्षात त्याची सुरुवात दाराच्या चौकटीपाशी होते. आपल्या लेकराला रांगेत सगळ्यांत पुढे उभं राहावं लागू नये, एवढंच आईबापांना हवं असतं. त्यांना खलनायक ठरवून हाती काही लागत नाही.

आणि ती गोळी पुढे खरोखरच आली, इंजेक्शनच्या रूपात. वाढीचं संप्रेरक, म्हणजे ग्रोथ हॉर्मोन, मुळात ज्या मुलांच्या शरीरात ते तयारच होत नाही त्यांच्यासाठी होतं. १९८५ पर्यंत ते मृतदेहांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून काढावं लागे. मिळायचं इतकं थोडं की खऱ्या गरजूंनाही पुरायचं नाही. त्यातून काही जणांना क्रॉइट्झफेल्ड-याकोब हा मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं उघडकीला आलं, आणि अमेरिकेत ते वापरणं बंद झालं. त्याच वर्षी, १९८५ मध्ये, जनुकतंत्रानं जिवाणूंकडून तयार करून घेतलेलं संप्रेरक तिथं मंजूर झालं. आता हवं तेवढं मिळू लागलं. तुटवडा होता तोवर 'हे कुणाला द्यायलाच हवं' असा प्रश्न होता. माल मुबलक झाल्यावर 'हे आणखी कुणाला देता येईल' असा प्रश्न सुरू झाला. २००३ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं त्याचं उत्तर दिलं: ज्या मुलांच्या शरीरात संप्रेरकाची काहीच कमतरता नाही, दुसरा कुठला आजारही सापडत नाही, पण ज्यांची उंची त्यांच्या वयाच्या सर्वांत बुटक्या १.२ टक्के मुलांत मोडते, त्यांनाही ते देता येईल.

हा १.२ चा आकडा जरा निरखून बघा. समजा, या सगळ्या मुलांना वर्षानुवर्षं इंजेक्शनं दिली आणि त्यांची उंची काही सेंटिमीटरनं वाढली. आता सर्वांत बुटकी १.२ टक्के मुलं कोण? दुसरी कुणीतरी. टक्केवारीनं आजाराची व्याख्या केली की रुग्ण कधीच संपत नाहीत, कारण रांगेला पहिलं टोक असणारच. साथीच्या रोगाचे सगळे रुग्ण बरे केले तर रोग संपतो. बुटकेपणावर सगळ्यांना उपचार केले तर ज्यांना काल बुटकं म्हणत नव्हते त्यांना उद्या म्हणू लागतात. ज्या मुलांनी आठवड्याला सहा-सात वेळा सुई टोचून घेतली त्यांच्या वाट्याला काय आलं, हा प्रश्न उरतोच.

या विषयावर बोलणारे बहुतेक लोक एक सीमारेषा सांगतात: आजार बरा करायला हरकत नाही, धडधाकट माणसात सुधारणा करू नये. ऐकायला सोपी, सांगायला सोपी. संप्रेरकाच्या या हकिकतीत ती रेषा कुठं गेली? ती कुणी पुसली नाही, नुसती थोडी सरकवली, आणि औषधाच्या डब्यावर 'उपचार' हा शब्द तसाच राहिला. दुसऱ्या बाजूनंही ही रेषा टिकत नाही. लस म्हणजे काय? ठणठणीत मुलाच्या शरीरात निसर्गानं न दिलेली प्रतिकारशक्ती आपण निर्माण करतो. ही सरळसरळ सुधारणा आहे, आणि तिच्याबद्दल कुणी नैतिक पेच उभा करत नाही. (लसीवर आक्षेप घेणारे असतात, पण त्यांचं म्हणणं वेगळं.) त्यामुळे 'उपचार चांगला, सुधारणा वाईट' हे समीकरण मला फारसं कामाचं वाटत नाही.

मी एक वेगळी कसोटी लावून बघते. हा गुण सगळ्यांनाच मिळाला तर त्याचं मोल उरेल का? देवीची लस जगभर पोचली तेव्हा तिचं मोल कमी झालं नाही, उलट इतकं वाढलं की १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं देवी रोग जगातून गेल्याचं जाहीर केलं. शेजाऱ्याच्या मुलाला लस मिळाली की माझ्या मुलाचं भलंच होतं. उंचीचं तसं नाही. उंचीचे जे फायदे सांगितले जातात, नोकरी, लग्न, रुबाब, ते जवळजवळ सगळे इतरांपेक्षा उंच असण्याचे आहेत. सगळेच दहा सेंटिमीटरनं वाढले तर फक्त दारं उंच करावी लागतील आणि जास्त कापड लागेल. शेजाऱ्याचं मूल उंच झालं की माझं मूल जागच्या जागी उभं राहून बुटकं होतं. जनुकीय सुधारणेच्या नावाखाली आज जे जे मागितलं जातं त्याची अशी वर्गवारी केली तर फार मोठा भाग दुसऱ्या ढिगात जाऊन पडतो.

विज्ञान नेमकं कुठवर आलंय, हेही बघायला हवं, कारण या बाबतीत भीती आणि जाहिरात दोन्ही हातात हात घालून अतिशयोक्ती करतात. क्रिस्पर ही जनुकांत नेमक्या जागी काप घेण्याची पद्धत २०१२ मध्ये पुढे आली, आणि २०२० मध्ये इमॅन्युएल शार्पेंतिए आणि जेनिफर डाउडना यांना त्यासाठी रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. कात्री हाती आली, पण कापायचं कुठं? एकाच जनुकातल्या बिघाडानं होणाऱ्या आजारांत ती जागा ठाऊक असते. उंचीच्या बाबतीत मात्र २०२२ मध्ये सुमारे ५४ लाख लोकांच्या माहितीवरून झालेल्या अभ्यासात जवळपास १२ हजार जनुकीय फरक सापडले, प्रत्येकाचा परिणाम केसाएवढा. ते ५४ लाखही बहुसंख्येनं युरोपीय वंशाचे. म्हणजे इतरांसाठी हे अंदाज आणखी कच्चे. बुद्धीचं, स्वभावाचं गणित याहून गुंतागुंतीचं. मनाजोगतं मूल जनुकं कापून घडवणं आज शक्य नाही.

पण बाजाराला वस्तू चालायलाच हवी असं थोडंच असतं? अमेरिकेत काही कंपन्या भ्रूणांचं गुणांकन विकतात. प्रयोगशाळेत फलित झालेली पाच-दहा भ्रूणं घ्यायची, प्रत्येकातल्या हजारो जनुकीय फरकांची बेरीज मांडायची आणि सर्वांत 'वरचा' कोण ते सांगायचं. इथं कात्री चालवावीच लागत नाही, निवड केली की झालं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानं याचा हिशेब केला होता. दहा भ्रूणांतून गुणांनी पहिलं आलेलं निवडलं तर सरासरी अडीच सेंटिमीटर उंची किंवा बुद्ध्यंकाचे अडीच गुण पदरात पडतील. पुष्कळ मुलं असलेल्या खऱ्या कुटुंबांवर तो अंदाज ताडून पाहिला, तेव्हा बहुतेक घरांत यादीत पहिलं आलेलं मूल प्रत्यक्षात सर्वांत उंच निघालंच नाही.

तरी तो कागद टेबलावर आल्यावर काय होत असेल, याची कल्पना करा. अनेक वर्षं मूल होत नाही म्हणून दमलेलं एक जोडपं. समोर पाच ओळी, भ्रूण एक ते भ्रूण पाच. रकान्यांमध्ये मधुमेहाचा धोका, हृदयविकाराचा धोका, शेवटच्या रकान्यांत उंची आणि 'आकलनक्षमता'. भ्रूण चार उंचीत पुढे, पण मधुमेहात मागे. भ्रूण दोन सगळ्यात मधलं. नवऱ्याचं बोट ओळींवरून फिरतं आणि चारवर थांबतं. ती विचारते, "पण दोनला काय झालंय?" दोनला काही झालेलं नाही. दोनचा गुन्हा इतकाच, की शेजारच्या ओळीत चार आहे. घरात अजून पाळणाही आलेला नाही आणि भावंडांची तुलना सुरू झाली.

सुधारणेच्या बाजूनं बोलणारे इथं एक मुद्दा काढतात, आणि तो टाळण्याजोगा नाही. आईबाप नाही तरी मुलांना घडवतातच ना? शिकवण्या लावतात, वाद्य शिकवतात, पहाटे उठवून पोहायला नेतात. पैसा, वेळ, धाकदपटशा सगळं लावून घडवतात. मग थोडं आधी, पेशीच्या पातळीवर घडवलं तर एवढं काय बिघडलं? 'जनुकांतला बदल परत फिरवता येत नाही,' हे उत्तर नेहमी दिलं जातं, पण ते पुरेसं नाही. लहानपणीचं कुपोषणही परत फिरवता येत नाही, भाषाही पुसता येत नाही. मला फरक दिसतो तो भांडणाचा. शिकवणी नको असलेलं मूल रुसतं, दांडी मारतं, सतारीची तार मुद्दाम तोडतं, आणि कधीतरी आईबापही थकून म्हणतात, जाऊ दे, याला यात रस नाही. घडवण्याच्या या सगळ्या खटाटोपात मुलाचा एक मतदार म्हणून हात वर असतो. पेशीत केलेल्या निवडीशी भांडायला समोर कुणीच नसतं. तिथं मुलाचं मत मोजलंच गेलेलं नाही, आणि ते मोठं होऊन मत देईल तेव्हा मतदान कधीच संपलेलं असेल.

याच कारणानं पूर्ण वाढलेल्या माणसानं स्वतःच्या शरीरात केलेला बदल आणि भ्रूणात केलेला बदल मी एका पारड्यात टाकत नाही. काही माणसांत पीसीएसके-९ हे जनुक जन्मतः निकामी असतं, त्यांच्या रक्तात वाईट कोलेस्टेरॉल कमी राहतं आणि हृदयविकारही फार कमी होतो. उद्या एखाद्या चाळिशीतल्या माणसानं यकृतात तसा बदल करून घ्यायचं ठरवलं तर तो धोका त्याचा, निर्णयही त्याचा, आणि तो बदल त्याच्या मुलांत उतरणार नाही. माझ्या कसोटीवरही ते उतरतं. सगळ्यांची हृदयं ठीक राहिली तर कुणाचंही नुकसान नाही.

पण कसोटीची मर्यादाही सांगायला हवी, नाहीतर मी स्वतःलाच फसवीन. नोव्हेंबर २०१८ मध्ये हो जियानक्वे या चिनी शास्त्रज्ञानं हाँगकाँगच्या परिषदेत सांगितलं की त्यानं भ्रूणावस्थेत जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्माला आल्या आहेत. वडिलांना एचआयव्हीचा संसर्ग होता. विषाणू ज्या दारानं पेशीत शिरतो ते सीसीआर-५ नावाचं दार बंद करायचा त्याचा उद्देश होता. आता माझी कसोटी लावा. एचआयव्हीपासून संरक्षण सगळ्यांना मिळालं तर त्याचं मोल उरेल का? उरेल, वाढेलच. कसोटी उत्तीर्ण! तरीही तो प्रयोग अक्षम्य होता. वडिलांच्या संसर्गापासून मुलींना वाचवायला शुक्राणू धुऊन घेण्याची साधी, रुळलेली पद्धत होती आणि ती वापरलीही गेली होती, म्हणजे या बदलाची मुलींना गरजच नव्हती. काही माणसांत निसर्गतः आढळणारा, जनुकातली ३२ डीएनए-अक्षरं गळून हे दार बंद करणारा बदल मुलींमध्ये झालाच नाही, भलतेच बदल झाले. एका मुलीत तर जनुकाच्या दोन प्रतींपैकी (एक आईकडून, एक वडिलांकडून आलेली) एकाच प्रतीत बदल झाला, म्हणजे दार अर्धं उघडंच. त्यात सीसीआर-५ निकामी असलेल्यांना वेस्ट नाइल विषाणूचा आजार अधिक तीव्र होऊ शकतो, हे आधीपासून माहीत होतं. डिसेंबर २०१९ मध्ये चिनी न्यायालयानं त्याला तीन वर्षांचा तुरुंगवास आणि तीस लाख युआन दंड ठोठावला. तो २०२२ मध्ये सुटला. ज्या मुलींवर हे केलं त्यांची सुटका कशातून व्हायची?

म्हणजे कसोटी उत्तीर्ण होणं ही पहिली पायरी. ती चढल्यावरही सुरक्षितता, गरज, पर्याय हे प्रश्न उभेच असतात. पण पहिलीच पायरी जे चढू शकत नाही त्याच्यासाठी पुढचा धोका पत्करायचा तरी कशाला, हा माझा मुद्दा आहे.

या विषयात इतिहास काढला की सगळे थेट जर्मनीत पोचतात. १९३३ च्या कायद्याखाली तिथं सुमारे चार लाख माणसांची सक्तीनं नसबंदी झाली. पण 'सुप्रजननशास्त्र', म्हणजे निवडून 'चांगली' माणसं जन्माला घालण्याचं शास्त्र, या अर्थाचा इंग्रजी शब्द त्याआधी पन्नास वर्षं, १८८३ मध्ये, इंग्लंडच्या फ्रान्सिस गाल्टननं घडवला होता, आणि अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं १९२७ मध्येच सक्तीच्या नसबंदीला मान्यता दिली होती. तो खटला कॅरी बक या तरुण मुलीचा. न्यायमूर्ती होम्स यांनी लिहिलं की मतिमंदांच्या तीन पिढ्या पुरे झाल्या. तिसरी पिढी म्हणजे कॅरीची तान्ही मुलगी. ती पुढे शाळेत गेली आणि हुशार मुलांच्या यादीत तिचं नाव लागलं. आठव्या वर्षी ती वारली. कॅरी मतिमंद नव्हती, तिच्यावर बलात्कार झाला होता, आणि तो झाकायला तिला मतिमंदांच्या संस्थेत टाकलं होतं, हे इतिहासकारांनी फार उशिरा दाखवून दिलं. अमेरिकेत अशा नसबंद्या साठ हजारांवर झाल्या.

हे सांगितलं की सुधारणेचे समर्थक म्हणतात, ती सक्ती होती. आता राज्यसत्ता कुठं आहे मध्ये? आता आईबापांचं स्वातंत्र्य आहे. खरं आहे. म्हणून मला जर्मनीपेक्षा दक्षिण कोरियाचं उदाहरण जास्त अस्वस्थ करतं. तिथं सोनोग्राफी आली, आणि १९९० मध्ये जन्मणाऱ्या दर १०० मुलींमागे ११६ मुलगे जन्माला येऊ लागले. सरकारनं सक्ती केली नव्हती, उलट १९८७ मध्येच गर्भाचं लिंग सांगण्यावर बंदी घातली होती. लाखो घरांत लाखो जोडप्यांनी, आपापल्या खोलीत, आपापल्या स्वातंत्र्यात, एकच निवड केली. कुणी हुकूम दिला नाही, तरी निकाल हुकूम दिल्यासारखाच लागला. पूर्वग्रह समाजात असला की तो अमलात आणायला पोलीस लागत नाहीत.

आणि त्या प्रत्येक जोडप्याकडे कारण होतं. मुलीनं वंश पुढे चालत नाही, मुलीकडे घराचं प्रमुखपद जात नाही, म्हातारपणी आधार नाही. अशा समाजात मुलगा निवडणं हे त्या एका घरापुरतं शहाणपणाचं होतं, हे कबूल करायला जड जातं, पण कबूल करायला हवं. तोच तर्क उद्या रंगाला लागेल, चेहऱ्याच्या ठेवणीला लागेल. 'मला काही वर्णभेद मान्य नाही, पण जग असं आहे, माझ्या मुलीनं का सोसायचं?' असं म्हणणारी आई दुष्ट नसेल. ती फक्त जगाची मोजपट्टी जशी आहे तशी मान्य करून मुलीला तिच्यात बसवत असेल. प्रत्येक आईनं तसं केलं की मोजपट्टी अधिकच पक्की होते, आणि जी मूळ रूपात जन्मतील त्यांचं जगणं आधीपेक्षा कठीण होतं. कोरियातलं प्रमाण पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जवळपास नैसर्गिक पातळीवर आलं. त्याचं सगळं श्रेय बंदीला देता येत नाही. मुली शिकल्या, कमावू लागल्या, आणि कुटुंबप्रमुख पुरुषच असण्याची कायदेशीर पद्धत २००८ पासून रद्द झाली. मोजपट्टी बदलली तशी निवडीमागची इच्छाच ओसरली.

बहिरेपणाचा प्रश्न या चौकटीत नीट बसत नाही, आणि मी तो बळंच बसवणार नाही. खुणांच्या भाषेत वाढलेले अनेक कर्णबधिर लोक त्याला उणीव मानत नाहीत, आणि त्यांच्या बोलण्यात दम आहे. ऐकू येणं सगळ्यांना मिळालं तरी मोलाचं राहील, म्हणजे माझी कसोटी एका बाजूला झुकते. पण कसोटी लावणारी मी ऐकू येणारी आहे, हेही लक्षात ठेवावं लागतं.

सगळ्यांत अवघड प्रश्न बुद्धीचा. बुद्धी नुसती चढाओढीची वस्तू नाही. सगळेच थोडे अधिक चतुर झाले तर रोगांवर औषधं लवकर सापडतील, पूल कमी कोसळतील, कदाचित वर्तमानपत्रंही बरी निघतील. इथं माझी कसोटी लंगडते, हे मान्य. मात्र 'बुद्धी' म्हणून आज जे मोजलं जातं, आणि भ्रूणांच्या यादीत जे छापलं जातं, ते मुख्यतः परीक्षेतले गुण आणि शिक्षणाची वर्षं यांवरून काढलेलं असतं, आणि परीक्षेतला क्रमांक ही तर शंभर टक्के चढाओढीची वस्तू. शिवाय जीवशास्त्रात फुकट काही मिळत नाही. १९९९ मध्ये प्रिन्स्टनच्या शास्त्रज्ञांनी एनआर-२बी नावाचं जनुक मेंदूत जास्त काम करेल असे उंदीर तयार केले. ते भराभर शिकत, जास्त काळ लक्षात ठेवत. जगभर बातम्या झाल्या. दोन वर्षांनी दुसऱ्या अभ्यासात दिसलं की त्याच उंदरांना दीर्घकाळ टिकणारी वेदनाही जास्त जाणवते. विचार केला तर यात नवल नाही. वेदना हीसुद्धा एक आठवणच असते, आणि मेंदू ती त्याच यंत्रणेवर कोरतो. बेल्जियन ब्लू जातीच्या गुरांतही तेच दिसतं. स्नायूंची वाढ रोखणारं जनुक बिघडल्यामुळे ती पहिलवानासारखी दिसतात, आणि बहुतेक गायींना वासरू पोट कापून बाहेर काढावं लागतं. सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं जनुक दोन्ही प्रतींत आलं तर आयुष्य वेदनेचं होतं, एकाच प्रतीत आलं तर मलेरियापासून काहीसं रक्षण होतं. कुठला गुण कशाला बांधलेला आहे, हे दोरी ओढल्यावरच कळतं, आणि भ्रूणात ओढलेली दोरी पिढ्यान्‌पिढ्या ओढलेली राहते.

सिकलसेलचं नाव निघालंच आहे तर माझा खरा राग कुठं आहे ते सांगते. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटननं आणि पुढच्याच महिन्यात अमेरिकेनं सिकलसेलवरच्या क्रिस्पर-उपचाराला मान्यता दिली. रुग्णाच्या अस्थिमज्जेतल्या मूळपेशी बाहेर काढायच्या, गर्भावस्थेत असलेलं हिमोग्लोबिन पुन्हा सुरू होईल असा बदल त्यांत करायचा, केमोथेरपीनं जुन्या पेशी नष्ट करून नव्या परत सोडायच्या. ज्यांना दर काही महिन्यांनी हाडांत सुऱ्या फिरल्यासारख्या कळा येत, ते लोक कळांविना जगू लागले. या सगळ्या तंत्रज्ञानाचं याहून मोठं समर्थन नाही. अमेरिकेत जाहीर झालेली किंमत: एका रुग्णामागे २२ लाख डॉलर. आणि सिकलसेल घेऊन जन्मणारी बहुसंख्य मुलं सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत जन्मतात.

'श्रीमंतांची मुलं सुधारलेली आणि गरिबांची तशीच, मग समाजाचे दोन तुकडे होतील' ही भीती आपण भविष्याबद्दल व्यक्त करतो. तुकडे पडलेच आहेत, आणि ते अतिमानव आणि मानव असे नसून उपचार मिळालेले आणि न मिळालेले असे आहेत. यावर नेहमीचा तोडगा सुचवला जातो, की सरकारनं सुधारणा सगळ्यांना फुकट द्यावी म्हणजे विषमता संपली. कळा थांबवणाऱ्या उपचाराबद्दल हे शंभर टक्के मान्य. उंचीबद्दल? सगळ्यांना फुकट उंची दिली तर सगळ्यांचा पैसा खर्च करून सगळे होते तिथंच राहतील. अशा गोष्टी काही जणांना दिल्या तर अन्याय आणि सगळ्यांना दिल्या तर उधळपट्टी. त्यांना न्याय्य वाटप नसतंच.

एक गोष्ट फार कमी बोलली जाते. निवडीची सोय आली की काही काळानं न निवडणं हाच दोष ठरतो. चष्मा लागलेल्या, धडपडणाऱ्या, गणितात कच्च्या मुलाकडे बघून आज आपण म्हणतो, असतं एखाद्याचं. उद्या नातेवाईक विचारतील, चाचणी केली नव्हती का? विमा कंपनी विचारेल. आणि एखाद्या भांडणात मूलच विचारेल. नशिबाला दोष देता येणं ही किती मोठी सोय आहे, हे ती गेल्यावरच कळेल.

कायदे आहेत, पण त्यांची नजर कात्रीवर आहे. युरोपातल्या १९९७ च्या ओव्हिएडो करारानं पुढच्या पिढ्यांच्या जनुकांत हेतुपुरस्सर बदल करायला मनाई केली, आणि इतरही अनेक देशांत तशी बंदी आहे. ती राहावी, किमान कुठली दोरी कशाला बांधली आहे हे ठाऊक नाही तोवर. पण निवडीचा कागद या कायद्यांच्या बाजूनं अलगद निघून जातो, कारण त्यात बदल कुठं आहे? मला वाटतं, बंधन तिथं हवं. भ्रूण तपासा, जरूर तपासा. हंटिंग्टन आणि टे-सॅक्स हे मेंदूचे आनुवंशिक आजार, सिकलसेल, ज्यांनी जगणं नरक होतं ते सांगा. उंची, आकलन, त्वचेचा रंग हे रकाने मात्र छापूच नयेत. कुणी जास्त पैसे दिले तरी नाही. प्रयोगशाळेकडे ती माहिती असेलही, पण ती आईबापांना विकत मिळू नये, जशी काही देशांत गर्भाचं लिंग सांगायला मनाई असते. लोक दुसऱ्या देशात जाऊन करून घेतील, हा आक्षेप मला ठाऊक आहे. काही जण जातीलच. सगळ्यांनी एकाच दिशेनं पळणं आणि थोड्यांनी लपूनछपून जाणं, यांत समाजावर होणारा परिणाम एकसारखा नसतो.

कारण तो कागद हरवत नाही. तो फायलीत राहतो, फाइल कपाटात, आणि कपाटं आवरायचं काम कधीतरी पोरांकडेच येतं. एखादी पंधरा वर्षांची मुलगी तो उलगडून पाच ओळी वाचेल, शेवटचे दोन रकाने वाचेल, आणि स्वयंपाकघरात येऊन विचारेल, "आई, मी यातली कितवी? आणि दोनला काय झालं होतं?"